बांधणारे पुष्कळ, राखणारे हवेत

आपल्या शाळेच्या विज्ञान मंडळातील मुलांनी गेल्या वर्षी हौसेने एक काम सुरू केले. रसायनशास्त्राची मराठीतून माहिती देणारे एक छोटेसे संकेतस्थळ तयार करायचे, त्यात मूलद्रव्ये आणि रोजच्या वापरातील पदार्थ यांची एकेक पानाची नोंद ठेवायची, असे ठरले. आठवी ते दहावीची चौदा मुले दर शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात बसू लागली. दिवाळीच्या सुटीपर्यंत एकेचाळीस पाने तयार झाली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर आवडले म्हणून मुलांनी हे केले, याचे आम्हा विज्ञान मंडळाचे काम पाहणाऱ्यांना मोठे कौतुक वाटते.

आता या कामाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आला आहे. काही विश्वस्तांचे व पालकांचे म्हणणे असे की, वार्षिक स्नेहसंमेलनापर्यंत सर्व ११८ मूलद्रव्यांची पाने पूर्ण करावीत आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते थाटात उद्घाटन करावे. दुसरा पक्ष म्हणतो की, ही सगळी माहिती जगात आयती उपलब्ध आहे, आता तर प्रश्न विचारला की यंत्रच उत्तर देते. मग मुलांचा वेळ आणि शाळेचा पैसा यात कशाला घालवायचा? दोन्ही मतांचा आदर ठेवून आम्हाला तिसरेच काही सुचवायचे आहे. काम जरूर चालू ठेवावे, पण पाने वाढविण्याची घाई करू नये. जी पाने आहेत ती पुढील पाच वर्षे खरी आणि ताजी राहतील, याची सोय आधी करावी. असे आम्ही का म्हणतो, ते थोडे विस्ताराने सांगतो.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू. मुलांनी ‘सोडा’ या नावाचे एक पान केले होते. त्यात खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा असे तिघे एकाच छपराखाली बसविले होते. खाली लिहिले होते की, सोडा पाण्यात विरघळतो, हाताला बुळबुळीत लागतो आणि अपाय करीत नाही. खाण्याच्या सोड्यापुरते हे चालण्यासारखे आहे. पण बडोद्यातील कितीतरी मराठी घरांत कोणी ना कोणी रसायनांच्या कारखान्यात नोकरीला असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अशाच एका पालकांनी हे पान पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या डायरीतून चिठ्ठी पाठविली. कॉस्टिक सोडा बुळबुळीत लागतो, कारण तो कातडीवरच काम करू लागलेला असतो. डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे पान आजच्या आज काढा, असे त्यांनी लिहिले होते.

ते पान काढायला आम्हाला दोन दिवस लागले. संकेतस्थळाचा परवलीचा शब्द एकाच शिक्षकांपाशी होता आणि ते गावी गेले होते. पुढे चौकशी केली, तेव्हा ती ओळ नेमकी कोणी लिहिली, कोणत्या पुस्तकातून घेतली, कोणी तपासली, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दोष मुलांचा नाही. पान कसे बांधायचे हे आम्ही त्यांना शिकविले, पण बांधलेले कसे राखायचे हे शिकविले नाही, कारण तो विचार आमच्याही मनात आला नव्हता.

पुष्कळांचा समज असा असतो की, रसायनशास्त्रातील माहिती एकदा लिहिली की झाले. जस्त ते जस्तच, त्याचे काय बदलणार? पण जस्ताच्याच अणुभाराकडे पाहा. जुन्या पुस्तकांत तो ६५.३९ असा सापडतो. २००१ साली रसायनशास्त्राच्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो ६५.४०९ केला आणि २००७ साली ६५.३८ केला. जस्त बदलले नाही, मोजणी सुधारली. हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक, क्लोरीन अशा दहा मूलद्रव्यांच्या बाबतीत तर २००९ च्या फेरतपासणीत एकच आकडा देणे सोडून ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा देण्याचे ठरले. कारण पृथ्वीवर वेगवेगळ्या ठिकाणी या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण थोडे थोडे वेगळे असते. २०२१ साली शिसेही त्या यादीत आले. त्याचा अणुभार आता २०६.१४ ते २०७.९४ असा दिला जातो.

आणखी एक उदाहरण पालकांच्या ओळखीचे आहे. प्रमाण तापमान व दाब असताना एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, हे आपण सर्वांनी घोकून पाठ केले आहे. आययूपॅकने १९८२ साली प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार धरला आणि तो आकडा २२.७ झाला. घरी वडील २२.४ म्हणतात, मुलगा २२.७ म्हणतो आणि दोघांची जुंपते. दोघेही बरोबर आहेत, फक्त दाब कोणता हे सांगितलेले नाही. मोलची व्याख्यासुद्धा २० मे २०१९ पासून बदलली. तेव्हापासून ॲव्होगॅड्रोचा आकडा मोजून काढायचा राहिला नाही, तो व्याख्येनेच ठरविला गेला. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरील तक्त्यात ११३, ११५, ११७ व ११८ या घरांत अजून तात्पुरती नावे आहेत. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसन ही त्यांची नावे २८ नोव्हेंबर २०१६ रोजी कायम झाली. तक्ता टांगला त्या दिवशी तो बरोबर होता. पुढे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

यातील काही बदल नुसत्या आकड्यांचे नसतात. प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुने प्रात्यक्षिकाचे पुस्तक आहे. ब्रोमीन व आयोडीन ओळखण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड घालून परीक्षानळी हलवावी, असे त्यात लिहिले आहे. भांडे ॲस्बेस्टॉस लावलेल्या जाळीवर तापवावे, असेही आहे. आमच्यापैकी अनेकांनी हे दोन्ही केले आहे. कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक आहे, शिवाय ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली त्याचा वापर आवरता घेण्यात आला. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांत गेले तर कर्करोग होऊ शकतो. त्या पुस्तकाच्या लेखकाने काही वावगे केले नव्हते. त्याच्या काळात तीच रीत होती. पण छापील पुस्तकाचे पान पिवळे पडते, त्यामुळे वाचणारा निदान सावध होतो. संगणकावरचे पान पिवळे पडत नाही. दहा वर्षे कोणी हात न लावलेले पानही आजच लिहिल्यासारखे दिसते, आणि म्हणून तिथे जपणूक अधिक लागते.

हे काम एकट्याने किंवा हौसेने होते का, असे कोणी विचारील. होते, आणि त्याचे नमुने जगापुढे आहेत. फ्रिडरिश बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथे बसून त्या वेळी माहीत असलेल्या कार्बनी संयुगांची नोंद केली. १८८१ ते १८८३ या काळात त्याचा ग्रंथ दोन खंडांत निघाला आणि त्यात सुमारे १,५०० संयुगे होती. पुढच्या आवृत्त्यांत तो वाढतच गेला. हे आता एका माणसाच्या आवाक्यातले नाही, हे ओळखून बाइलश्टाइनने शेवटी ते काम जर्मन रसायन संस्थेच्या हाती सोपविले. १९०६ साली तो वारला, पण काम थांबले नाही. आज ती सारी माहिती संगणकीय कोशात गेली आहे. ग्रंथ बांधला म्हणून तो मोठा होताच. पण वेळीच दुसऱ्याच्या हाती दिला, म्हणून त्याचे काम टिकले.

आपल्या काळातील उदाहरण हवे असेल, तर इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या मार्क विंटर यांनी १९९३ साली सुरू केलेले ‘वेबएलिमेंट्स’ पाहावे. संकेतस्थळ हा शब्दही आपल्याकडे रुळला नव्हता तेव्हा त्यांनी आवर्त सारणी संगणकाच्या जाळ्यावर मांडली. अमेरिकेतील थिओडोर ग्रे यांची गोष्ट तर मुलांना फार आवडते. हे गृहस्थ संगणकाच्या धंद्यातले. ऑलिव्हर सॅक्स यांच्या ‘अंकल टंगस्टन’ या पुस्तकात संग्रहालयातील आवर्त सारणीचे वर्णन आहे. इंग्रजीत सारणीला आणि जेवणाच्या टेबलाला एकच शब्द असल्याने, ते खरेच लाकडी टेबल आहे असे ग्रे यांना वाटले. चूक कळल्यावर त्यांनी ते टेबल स्वतःच बनवायला घेतले, प्रत्येक मूलद्रव्याला एक खण केला, त्यांत नमुने जमविले आणि छायाचित्रांसह सर्व माहिती लोकांसाठी मांडली. २००२ साली त्यांना ‘इग नोबेल’ हा गमतीचा पण जगप्रसिद्ध पुरस्कार मिळाला आणि २००९ साली त्यातून एक देखणे पुस्तक निघाले. हौस म्हणून सुरू झालेले काम नेमाने केले, तर कुठवर जाते ते यावरून दिसते.

उलटे उदाहरणही सांगायला हवे. १९९० च्या दशकात आणि पुढे जगभरच्या हौशी लोकांनी जिओसिटीज या फुकट जागेवर आपापली पाने थाटली होती. २००९ साली ती जागा बंद झाली. काहींची पाने इतरांनी धावपळ करून जतन केली, बाकीची गेली. ज्यांनी आपल्या कामाची दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांची वर्षांची मेहनत एका दिवसात नाहीशी झाली.

आता दुसऱ्या पक्षाच्या प्रश्नाकडे वळू. सगळे आयते मिळत असताना आपण कशाला करायचे? ‘वेबएलिमेंट्स’सारखे काम असताना आपल्या मुलांनी तेच भाषांतर करून पुन्हा लिहावे, असे आम्हालाही वाटत नाही. पण काही नोंदी अशा आहेत, की त्या आपणच केल्या पाहिजेत. घरी आजी तुरटी म्हणते, बडोद्याच्या किराणा दुकानात फटकडी मागावी लागते आणि पुस्तकात पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट येते. मोरचूद म्हणजे दुकानातले मोरथूथू आणि पुस्तकातले कॉपर सल्फेट. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात त्याची पूड टाकतो, म्हणजे तांब्यापितळेवरचा ऑक्साइड निघून जातो आणि कथील नीट धरते. शेंदूर हा मूळचा शिशाचा तांबडा ऑक्साइड, म्हणून लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नये. घर, दुकान आणि पुस्तक ही तिन्ही नावे एका ओळीत मांडणारी आणि शेवटी सावधगिरीची सूचना देणारी नोंद आपल्या मुलांशिवाय दुसरे कोण करणार? त्यांना तिन्ही भाषा येतात, ही बडोद्याच्या मराठी मुलांची जमेची बाजू आहे.

खताच्या पोत्याचेही तसेच. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात. पोत्यावर १०:२६:२६ असे छापलेले असते. त्यातला २६ हा आकडा शुद्ध फॉस्फरसचा किंवा पोटॅशियमचा नसून त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात धरलेला असतो. प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे ११ टक्के आणि पोटॅशियम सुमारे २१.६ टक्के भरते. मुलांनी आधी स्फुरद म्हणजे फॉस्फरस, २६ टक्के, असेच लिहिले होते. ही चूक मात्र दहावीतील एका मुलीने स्वतः गणित करून पकडली. यंत्राने दिलेले उत्तर वाचून ती हे शिकली नसती. आणि यंत्रेसुद्धा कोणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरावरच शिकतात. मराठीत असा तपासलेला मजकूर थोडा असेल, तर त्यांची मराठी उत्तरेही तितकीच कच्ची राहणार.

आपल्या गावाला हे काम नवीनही नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि देशी भाषांतून शास्त्र व उद्योग शिकविता यावेत, हा त्यांचा ध्यास होता. १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कोश निघाला आणि त्यात गुजराती, मराठीसह आठ भाषांतील शब्द शेजारी शेजारी ठेवले गेले. मुलांचे काम त्यापुढे लहानसे आहे, पण जातकुळी तीच आहे.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे आमच्या काही सूचना आहेत. पहिली, यंदा ११८ चा आग्रह सोडावा. तपासून झालेली तीस पाने ठेवावीत आणि बाकीची पाने तपासणी होईपर्यंत बाजूला काढावीत. दुसरी, प्रत्येक पानावर माहितीचे मूळ, तपासल्याची तारीख आणि राखणदार विद्यार्थ्याची इयत्ता असावी. प्रत्येक आकडा दोन ठिकाणी पडताळून पाहावा. तिसरी, प्रयोगाच्या कृती देऊ नयेत. काय कशात मिसळू नये, हे मात्र ठळक द्यावे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, हे प्रत्येक घरात माहीत हवे. कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांनी ही पाने वाचून द्यावीत, अशी त्यांना आमची विनंती आहे.

चौथी सूचना चुकांची. पूर्वी पोथी लिहिताना अक्षर चुकले, तर त्यावर हरताळ लावून ते झाकीत आणि वर बरोबर अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिक ट्रायसल्फाइड, पिवळा आणि विषारी. मुलांच्या पानांपैकी एक पान त्याचेही आहे. आपल्याला मात्र चूक झाकायची नाही. चूक काय होती, कोणी दाखविली आणि केव्हा दुरुस्त केली, याची एक उघडी यादी संकेतस्थळावर ठेवावी. तिच्यातली पहिली नोंद आमच्या सोड्याची असेल.

पाचवी सूचना हस्तांतराची. दहावीची मुले जातात आणि त्यांच्याबरोबर सगळी माहितीही जाते. म्हणून दर वर्षी जूनमध्ये जाणाऱ्या मुलाने आपली पाने आठवीतील एका मुलाच्या स्वाधीन करावीत आणि दोघांनी मिळून ती एकदा संपूर्ण तपासावीत. परवलीचा शब्द दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशा तिघांपाशी असावा. वर्षातून एकदा सर्व पाने छापून ग्रंथालयात बांधून ठेवावीत. शेवटची सूचना पैशांची. उद्घाटन समारंभासाठी जी रक्कम धरली आहे, ती संकेतस्थळाच्या नावाचे व जागेचे पाच वर्षांचे शुल्क आणि संदर्भग्रंथ यांसाठी राखून ठेवावी. हे शुल्क दर वर्षी भरावे लागते आणि एक वर्ष विसरले तर नावही हातचे जाऊ शकते.

समारंभाला आमचा विरोध नाही. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ते पहिल्या दिवशी न करता, पहिले हस्तांतर पार पडेल त्या दिवशी करावे. जाणारा मुलगा, येणारा मुलगा आणि त्यांच्या हाती तपासलेली पाने, असे दृश्य पाहुण्यांनाही आवडेल.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींना हे कंटाळवाणे वाटेल. नवे पान लिहिण्यात जी मजा आहे, ती जुन्या पानाचा आकडा तपासण्यात नाही, हे आम्ही समजू शकतो. पण तुमचे पान वाचून उद्या कोणी कॉस्टिक सोड्याच्या डब्याला हात लावणार आहे. तो तुमच्यावर विश्वास ठेवूनच लावील. ‘सोडा’ या पानाचे आता तीन स्वतंत्र पानांत रूपांतर झाले आहे. चिठ्ठी पाठविणाऱ्या पालकांनी तिन्ही पाने स्वतः वाचून दिली आणि कॉस्टिक सोड्याच्या पानाची राखणदारी त्यांच्या मुलीने मागून घेतली आहे. पुढील तपासणीची तारीखही तिने पानावर लिहून टाकली आहे. विश्वस्त मंडळाने निर्णय घेताना एवढे जरूर लक्षात घ्यावे, ही विनंती.